आधी बोकड बदलला

तुमच्या शेळ्या गाभण राहिल्या नाहीत, तर तुम्ही आधी कोणाला बदलता? बोकडाला. मग घरात उलटं का करता?

केदारखेड्यात आमच्या अंगणात मी हे वडिलांना विचारलं. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नाही म्हणून वहिनीच्या तीनदा तपासण्या झाल्या होत्या. दोष एकदाही निघाला नाही. तरी आत्या दादाच्या दुसऱ्या लग्नासाठी अंकुशनगरची मुलगी पाहून आली होती. त्याच आठवड्यात वडिलांनी बाजारातून नवा बोकड आणला होता.

"दादाला तपासलं का?"

"त्याला काय झालं? एकटा पोतं उचलतो."

"जुना बोकड बी दार पाडत व्हता. तरी इकलाच ना?"

वडिलांनी नव्या बोकडाकडं पाहिलं. मग म्हणाले, "घेऊन जा त्याला दवाखान्यात."

नवीन जालन्यातल्या दवाखान्यात दादा हेल्मेट घालूनच बसला. ओळखीचं कोणी दिसलं तर? शेवटी नर्सनं हाक मारली, "हेल्मेटवाले, आत या!" बाकांवरची सगळी डोकी वळली.

रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला वास येतो का?"

दादानं खांदे उडवले. मला मात्र आठवलं, उग्र वासाच्या बोकडाशेजारी खाट टाकून तोच झोपायचा. आम्ही त्याला सोशिक समजायचो!

डॉक्टरांनी समजावलं. मेंदूतून थोड्या थोड्या वेळानं एक चिमुकलं पेप्टाइड, म्हणजे निरोप नेणारा रेणू, सुटतं. त्यानं मेंदूखालची ग्रंथी जागी होते आणि तिच्या हुकमावर वृषणात शुक्राणू तयार होतात. दादाच्या मेंदूतून तो निरोप पुरेसा निघतच नव्हता. वास न येणं हा त्याच जन्मजात बिघाडाचा भाग. काही महिने इंजेक्शनं घ्यायची. खात्री नाही, पण आशा आहे.

घरी येऊन दादानं छाती काढून सांगितलं, "खाली सगळं बराबर हाय. बिघाड डोक्यात हाय."

"ते मी लग्नापासून सांगून राह्यले," वहिनी म्हणाली.

वडीलसुद्धा हसले. वहिनी मात्र आत गेली आणि तिनं आपले तिन्ही रिपोर्ट आणून आत्याच्या मांडीवर ठेवले. "आत्याबाई, हे अंकुशनगरला दाखवून या."

आत्या पुन्हा तिकडं गेली नाही. दादाची इंजेक्शनं चालू आहेत. मूल होईल, न होईल. वहिनीला आता कोणी वांझ म्हणत नाही.

तुमच्या घरातल्या सुनेची पुढची तपासणी ठरली असेल, तर ती थांबवा. आधी मुलाचा नंबर लावा. हेल्मेट घालून गेला तरी चालेल.