कोऱ्या पानावरच्या अकरा सह्या

"बैठक तो आपने ली थी ना, मैडम?"

शिक्षण ऑफिसातल्या साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. टेबलावर माझ्याच शाळेचं रजिस्टर उघडं पडलं होतं. त्यात लिहिलं होतं की आमची शाळा हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत मर्ज करायला पालक समितीची सहमती आहे. खाली अकरा पालकांच्या सह्या, बारावी माझी. सह्या सगळ्या खऱ्या होत्या. फक्त अशी बैठक कधी झालीच नव्हती.

"सर, पालक आता नाही म्हणाले तर?" मी विचारलं.

"दी हुई सहमति वापस नहीं होती. बैठक ही न हुई हो, तो अलग बात है." ते माझ्याकडे बघत राहिले. "जो भी हुआ हो, शुक्रवार तक लिखकर दे दीजिए."

"जी सर, बघते," असं काहीतरी बोलून रजिस्टर पदराखाली धरल्यासारखं छातीशी धरून मी बाहेर आले.

मी तेव्हा इंदूरला राजेंद्र नगरच्या मागच्या बस्तीतल्या एका सरकारी मिडिल स्कूलची हेडमिस्ट्रेस होते. रिटायरमेंटला चौदा महिने राहिले होते. सरकारी शाळेत पालकांची एक समिती असते, तिला एसएमसी म्हणतात. सदस्य म्हणजे मुलांचे आईवडील, अध्यक्षही त्यांच्यातलाच, आणि हेडमास्तर सचिव. शाळेचं बरंवाईट समितीनं ठरवायचं, सचिवानं रजिस्टरमध्ये लिहायचं. कागदावर व्यवस्था फार सुंदर आहे.

आता खरं काय व्हायचं ते सांगते. पालक सगळे कामावर जाणारे. बैठक बोलावली की चार जण यायचे. कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, भरायचा नाही. कोरम नाही भरला की वरून फोन. म्हणून आम्ही सगळ्याच हेडमास्तरांनी एक जुगाड काढला होता. शनिवारी शाळा सुटताना रजिस्टर घेऊन गेटवर उभं राहायचं आणि मुलांना न्यायला आलेल्यांच्या सह्या घ्यायच्या. सह्यांच्या वर पान कोरंच ठेवायचं. कार्यवाही नंतर सवडीनं लिहायची, "शाळेच्या सफाईवर चर्चा झाली" वगैरे. मी वर्षानुवर्षं हेच केलं आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

त्या महिन्यात मी काही लिहायच्या आधीच ऑफिसनं तपासणीसाठी रजिस्टर मागवलं. मी तसंच पाठवून दिलं. तिथं कमी मुलं असलेल्या शाळांची यादी चालू होती आणि प्रत्येक शाळेची सहमती हवी होती. बाबूला आयतं पान मिळालं. त्यानं लिहून टाकलं.

घरी आले. नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "चौदा महिने राहिलेत. तू कोऱ्या पानावर सह्या घेतल्या असं स्वतःच्या हातानं लिहून देणार? सस्पेंड करतील. गप बस." त्यांचं काही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुनीताबाई आल्या. सुनीता वानखेडे, आमच्या समितीच्या अध्यक्ष. माहेर महूचं, इथं नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला जायच्या. त्यांची प्राजक्ता सातवीत होती. मर्जरची खबर बस्तीत पसरली होती.

"मॅडम, शाळा खरंच तिकडे जाणार?"

"बघू या, अजून काही पक्कं नाही," मी म्हणाले.

"मी आठला कामावर जाते. हायवे पार करून पोरीला कोण सोडणार? सासूबाईंनी आत्ताच सांगून टाकलं, तिकडे गेली शाळा तर पोरगी घरी बसेल." मग त्यांनी आवाज खाली केला. "लोक म्हणतात, समितीनंच हो म्हटलं. मी तर नाही म्हटलं. तुम्ही सही मागितली, मी केली. तुम्ही मागितली म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रजिस्टर उघडून मी त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी अक्षर अक्षर लावत वाचलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "उद्या बैठक घ्या. खरीवाली. सकाळी सातला, म्हणजे सगळे येतील."

म्हणजे गुरुवारी. नऊ जण आले. माझ्या सगळ्या नोकरीतली ती बहुतेक पहिली खरी बैठक. मी घरूनच मजकूर लिहून आणला होता. वाचून दाखवला, "काही तांत्रिक त्रुटीमुळे मागील कार्यवाही ग्राह्य धरू नये."

"तांत्रिक म्हणजे काय, मॅडम?" सुनीताबाईंनी विचारलं.

"म्हणजे... चूक झाली."

"मग चूक झाली लिहा ना. कोणाची, कशी, तेपण लिहा. नाहीतर ते साहेब मानतील का?"

रिक्षा चालवणारे रईसभाई मध्ये पडले. "अरे बहन, मैडम की नौकरी पे बात आ जाएगी! इत्ते साल से पढ़ा रई हैं यहाँ."

"मग माझी पोरगी घरी बसू दे का, भिया?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खूप राग आला मला, आधी सुनीताबाईंचा आणि मग स्वतःचा. आयुष्यभर मुलांना "खरं बोला" सांगत आले आणि आता एक ओळ लिहायची तर पेन उचलत नव्हतं.

शेवटी लिहिलं. मागची बैठक झाली नव्हती. सचिवानं, म्हणजे मी, गेटवर कोऱ्या पानावर सह्या घेतल्या. समितीनं मर्जरला सहमती दिलेली नाही.

"अजून एक," सुनीताबाई म्हणाल्या. "आम्ही न वाचता सही केली, तेपण लिहा. सगळं तुमच्या एकटीच्या माथी नको."

तेव्हा मात्र मला रडू आलं. ते काही मी रजिस्टरमध्ये लिहिलं नाही.

शुक्रवारी साहेबांनी ते दोनदा वाचलं. "आपको पता है ना, आपने क्या लिखा है?"

"मीच लिहिलंय, सर."

पुढचे दोन महिने गेटवर पोस्टमन दिसला की मी आधी त्याच्या हातातलं पाकीट बघायचे. कारण दाखवा नोटीस आली. मी उत्तर दिलं, ताकीद मिळाली आणि सर्व्हिस बुकात नोंद झाली. शाळेचं म्हणाल, तर कोणी आमचं कौतुक वगैरे केलं नाही. सहमती नाही म्हणून फाइल अपूर्ण ठरली आणि आमचं नाव यादीतून निघालं. प्राजक्ता आठवी तिथूनच पास झाली.

लोकांना वाटतं सरकारी शाळा पोरं कमी झाली म्हणून बंद पडते. आमची माझ्या आळसापायी बंद पडत होती.

मी रिटायर झाले त्या दिवशी समितीनं माझ्या अभिनंदनाचा ठराव केला. सगळे सह्या करून पोह्यांकडे वळले. सुनीताबाईंनी रजिस्टर पुढ्यात ओढलं, पूर्ण ठराव वाचला, खाली अर्धं पान कोरं होतं त्यावर पट्टी ठेवून आडवी रेघ मारली, आणि मग सही केली.

"माफ करा हं, मॅडम," त्या म्हणाल्या.

"त्यात माफी कसली," मी म्हणाले आणि पेन त्यांच्या हातातून घेऊन त्याच रेघेला लागून माझी सही केली.