शेवटचे दोन आकडे

"स्कूटरची चावी पोराला देऊन टाकली, बाबा," म्हात्रेकाका म्हणाले. मला नव्हे, केदारला. पण हेडफोन माझ्याही कानात होते. "इथं आपलीच माणसं मारली. उद्या बाळकुम नाक्यावर खरंच कुणाला उडवलं तर?"

"मग आता मागं बसायची प्रॅक्टिस करा, काका!" केदार म्हणाला.

सगळे हसले. काकाही हसले.

ही गेल्या रविवारची सकाळ. तोपर्यंत अकरा महिने मी एक गोष्ट गिळून बसले होते. आईला नाही, मैत्रिणीला नाही, डायरीतसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि मध्येच "असू दे गं" म्हणू शकत नाही.

आम्ही कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवतो. खेळ म्हणा, हरकत नाही. माझी आईही तेच म्हणते. पण या खेळात नुसतं इंजिन सुरू करायला ठरलेल्या क्रमानं वीसेक बटणं दाबावी लागतात, आणि एक विसरलात तर विमान जागचं हलत नाही. दर रविवारी सकाळी आम्ही नऊ जण आपापल्या घरून जमतो. केदार नौपाड्यातून, तो आमचा लीडर. मी डोंबिवलीतून. काका बाळकुमचे. जिथं त्यांची भातशेती होती तिथं आता टॉवर उभा आहे, त्याच टॉवरच्या चौदाव्या मजल्यावरून ते उडतात.

काका आणि मी एका विमानात असायचो. दोन सीटचं विमान. पुढे काका: उडवणं, बॉम्ब सोडणं, उतरवणं त्यांचं. मागे मी: रस्ता आणि निशाणा माझा. आणि मी बोलायचे नाही, टाइप करायचे. माझं तिथलं नाव 'बगळा'. माइक बिघडलाय, असं मी पहिल्या दिवशी लिहिलं, नंतर कुणी विचारलंच नाही. सगळे मला मुलगा समजायचे.

त्याबद्दल मी माफी मागणार नाही — हे आत्ताच सांगून टाकते. आधीच्या एका ग्रुपमध्ये मी बोलले होते. एकच वाक्य. टार्गेट डावीकडे आहे, एवढंच. टार्गेट राहिलं बाजूला. पुढचा तासभर सगळे माझ्या आवाजावरच. एकानं "ताई, चहा टाका ना" म्हटलं, दुसऱ्यानं फोन नंबर मागितला. मी बाहेर पडले, माइक बंद केला, आणि तेव्हापासून मला कुणी चहा टाकायला सांगितलेलं नाही. यात माझं काय चुकलं? काहीही नाही.

चुकलं ते वेगळंच.

निशाण्याची जागा अक्षांश-रेखांशात देतात. केदार जो कागद पाठवतो त्यावर ती अंश, मिनिटं आणि सेकंदांत असते. आमच्या विमानाला सेकंद कळत नाहीत, त्याला मिनिटाचे शंभर भाग लागतात. म्हणजे कागदावर तीस सेकंद, अर्धं मिनिट, असतील तर विमानात पन्नास टाकायचे. हा बदल करणं मागच्या सीटचं काम. माझ्याइतकं भराभर ते कुणालाच जमायचं नाही, आणि मला त्याचा माज होता. हो, माजच. त्या सकाळी मी कागदावरचे तीस तसेच तीस टाकले.

आमची एक पद्धत आहे. मागच्यानं आकडे टाकायचे, पुढच्यानं ते स्क्रीनवरून मोठ्यानं वाचायचे, मागच्यानं कागदाशी ताडून हो म्हणायचं. काका मराठीत वाचायचे. 'एकोणसाठ' ऐकलं की मी, इंग्लिश मीडियमची, क्षणभर अडकते. माझं उत्तर उशिरा येतं यावरून त्यांनी ते ओळखलं होतं. कधी चिडवलं नाही. नुसते एकेक आकडा सुटा करून वाचायला लागले — पाच, नऊ. त्या दिवशीही तसेच वाचत आले, आणि म्हणाले, "शेवटचे दोन... तीन, शून्य. बरोबर, पोरा?"

मी कागद पाहिला. कागदावर तीन, शून्यच होतं.

'बरोबर,' मी टाइप केलं.

काकांनी शस्त्रांचं मुख्य बटण चालू केलं, बॉम्ब सोडला, आणि तो साडेतीनशे मीटर अलीकडे पडला. तिथं आपले रणगाडे उभे होते, त्यातल्या दोन रणगाड्यांत त्या दिवशी आमच्याच ग्रुपमधले दोघं खेळत होते. परत येताना मी उतरण्याची यादी टाइप करत राहिले — चाकं, फ्लॅप, वेग — आणि काकांनी आडव्या वाऱ्यात विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवर अलगद टेकवलं. पुढे सगळा दोष काकांच्या डोळ्यांवर गेला, पण डोळे गेलेला माणूस असा उतरतो? हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या सीटवरून निशाणा हलवता येतो. तो काकांच्या हातून हलला आणि त्यांना दिसलं नाही, असं सगळ्यांनी धरून टाकलं. विमानातलं आमचं बोलणं बाकीच्यांना ऐकू जात नाही. "काका, चष्म्याचा नंबर बघून घ्या," कुणीतरी म्हणालं. काका म्हणाले, "असंल रे. हल्ली धूसरच दिसतं."

केदारनं मला विचारलं, "बगळ्या, तुझ्याकडे रेकॉर्डिंग असेल ना?"

होतं. मी ते तेवढ्यात पाहिलंही होतं. निशाणा केसभरही हलला नव्हता. तीस माझे होते. मी लिहिलं, 'सेव्ह नाही झालं.' आणि फाइल पुसली.

का? बोलले असते तर आवाज कळला असता म्हणून? नाही हो. टाइप करून सांगता आलं असतं, 'चूक माझी'. दोन शब्द. लपायचा हक्क मी भांडून घेतलाय, पण या गोष्टीवर तो पांघरता येणार नाही. मला सगळ्यांत हुशार राहायचं होतं. एवढंच कारण आहे, दुसरं शोधू नका.

काकांनी पुढची सीट सोडली. ते आता कंट्रोल टॉवर सांभाळतात, उतरणाऱ्यांना वारा सांगतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही दोष नाही म्हणून सांगितलं, तर काका म्हणाले डॉक्टरलाच कळत नाय. आणि पुढची सीट कुणाला मिळाली? मला. अकरा महिने मी उतरले की कानात त्यांचा आवाज यायचा, "मस्त रे बगळ्या!"

आणि गेल्या रविवारी ती चावी. केदार अजून हसत होता. मी बोलायची कळ दाबली, त्या ग्रुपमध्ये पहिल्यांदाच. माझा श्वास सगळ्यांना ऐकू गेला असणार.

"कोणे?" कुणीतरी विचारलं. "ए, मुलगी आहे?"

त्याला मी उत्तर दिलं नाही. अजूनही देणार नाही.

"काका, मी बगळा. त्या दिवशी कागदावरचे तीस मी न बदलता टाकले. तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत. रेकॉर्डिंग झालं होतं, मी पुसलं. तुमचे डोळे चांगले आहेत. चावी परत घ्या."