पहिल्या पॅनलची पूजा

प्रेमराज आमच्या डाळमिलचा वायरमन. एरंडोलहून रोज जळगावच्या एमआयडीसीत येतो. शिक्षण आयटीआयचं, पण डोकं असं की बिघाड नुसत्या आवाजावरून सांगतो. तोंडावर कौतुक केलं की फुगतो, म्हणून मी कधी करत नाही.

मिलमध्ये तुरीची टाकी एक आणि तिच्यावर चालणारी यंत्रं तीन: एक तूर साफ करणारं, एक भरडणारं, एक पोती भरणारं. प्रत्येकाचं पॅनल वेगळं, त्यातला कंट्रोलर वेगळा, सेन्सरही वेगळा. एक म्हणे टाकी भरली, दुसरा म्हणे रिकामी. प्रेमराजने तिघांत मिळून एकच चांगला सेन्सर बसवला. त्याची वायर पहिल्या पॅनलला दिली. बाकीचे दोघे नेटवर्कच्या केबलवरून पहिल्याकडून आकडा घ्यायचे. रोजची कटकट मिटली. शेठजींनी खूश होऊन तिन्ही पॅनल त्याच्या हवाली केली.

मग अमावास्या आली. मंजुळाबाई आमच्याकडे सगळ्यांत जुन्या. मिलमध्ये एकच पॅनल होतं तेव्हापासून दर अमावास्येला त्या ते बंद करतात, पुसतात, हार घालून नारळ फोडतात. बाकीची यंत्रं चालूच असतात. त्या दिवशी त्यांनी बटण खाली केलं आणि अख्खी मिल गप्प झाली. आकडा देणाराच बंद, मग बाकीचे थांबणार नाहीत तर काय!

"मना हात लागना आन् बठ्ठं बंद पडनं," मंजुळाबाई रडायलाच लागल्या. आता पूजाच बंद करा, असं चार शहाणे म्हणालेच. मला त्यांचा असा संताप आला!

"अक्का, तुनी नही, मनी चूक शे," प्रेमराज म्हणाला.

शेठजी तापले. "पुढच्या अमावास्येला पुन्हा थांबलं तर बाहेरचा इंजिनीअर आणतो. तू आपले दिवे बदल."

प्रेमराज तीन दिवस वायरींतच गुंतला. त्याने सेन्सरला आणि सगळ्या केबली जिथे जुळतात त्या नेटवर्कच्या डबीला पहिल्या पॅनलऐवजी वेगळी वीज दिली, सेन्सर थेट नेटवर्कवर जोडला. आता तिघेही आकडा सेन्सरकडूनच घेतात.

पुढच्या अमावास्येला मंजुळाबाई ताट घेऊन आल्या, पण बटणाला हात लावेनात.

"तूच कर रे भाऊ."

"नही अक्का, तूच कर."

त्यांनी डोळे मिटून बटण खाली केलं. पहिलं यंत्र थांबलं. दुसरं भरडत राहिलं, तिसऱ्याखाली पोती भरत राहिली. शेठजी काही न बोलता आत गेले; आमच्याकडे शाबासकी अशीच मिळते. मला मात्र इतका आनंद झाला की मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. मंजुळाबाईंनी ताटातलं पहिलं कुंकू पॅनलला नाही, प्रेमराजच्या कपाळाला लावलं. तो लाजून पक्कड शोधायला लागला, आणि ती त्याच्या हातातच होती.