जसंच्या तसं

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लावून एक तेलुगू कुटुंब राहायचं. त्या घरातल्या अम्मा संध्याकाळी ओट्यावर बसून माझी वेणी घालायच्या आणि वेणी घालता घालता बोलत राहायच्या. त्यातून जेवढं कानात शिरलं तेवढंच तेलुगू मला येतं. ऐकलेलं बरंचसं कळतं, बोलता येतं ते एवढंच: बसा, जेवलात का, कुठून आलात, रडू नको. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, शाळेतही मराठी. पुढं नर्सिंग करून न्हावऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात लागले, तेव्हा ही मोडकीतोडकी भाषा कधी कामी येईल असं मनातही आलं नव्हतं.

मी सांगतेय ते भीमेकाठच्या एका गावातलं. गावाचं नाव घेत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या पायाचं ड्रेसिंग करायला मी एक दिवसाआड जायचे. गावात मला सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे, पण चहाला कुणी कधी बोलावलं नाही. मी बाहेरची, आणि आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा.

त्या दुपारी एसटीतून उतरले तर दूध डेअरीसमोर गर्दी. मध्ये एक पन्नाशीची बाई मातीत बसलेली. एका हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या, मनगटातून रक्त येत होतं. पिशवीतलं सामान रस्त्यावर उपडं केलेलं. साडी, औषधाच्या गोळ्या, स्टीलच्या डब्यातल्या चकल्या. ती काहीतरी सारखं बोलत होती आणि ते कुणालाच कळत नव्हतं.

“पोरं पळवणारी हाय,” एकानं मला सांगितलं. “चकली देऊन पोरीचा हात धरला व्हता.”

आठवडाभर सगळ्यांच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ फिरत होता, पोरं पळवणाऱ्या बायकांचा. तो कुठला, कधीचा, कुणाला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात आलेल्या बायासुद्धा तो एकमेकींना दाखवायच्या.

मी गर्दीत घुसले आणि म्हणाले, “कायदा हातात घेऊ नका. बाजूला व्हा. मी पोलिसांना फोन लावते.”

एक टी-शर्टवाला पोरगा माझ्यासमोर आला. “लाव की. पोलीस येस्तोवर ही जाग्यावर ऱ्हाती का बघू.”

मागून कुणीतरी म्हणालं, “ही तरी कुठली आपली हाय? दोघी एकाच टोळीतल्या असायच्या.”

त्या गावातल्या किती जणांना मी इंजेक्शनं दिली होती. त्यातले चार-पाच तिथं उभे होते. एकानंही तोंड उघडलं नाही. मी त्या बाईकडं वाकून विचारलं, “अम्मा, एक्कडि नुंचि वच्चारु?” कुठून आलात?

तिनं माझा हात असा पकडला की नखं रुतली. ती भडाभडा बोलायला लागली आणि गर्दी आणखी पुढं सरकली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की माझं तेलुगू हा आता माझ्याविरुद्धचा पुरावा झाला आहे. दोन अनोळखी बाया त्यांच्यासमोर त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलत होत्या. मी त्यांच्या जागी असते तर मलाही संशय आलाच असता.

डेअरीच्या पायरीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मी गर्दीशी बोलणं सोडलं आणि त्यांच्याकडं वळले.

“आप्पा, ही काय बोलते ते मी मोठ्यानं मराठीत सांगते. तुम्ही काय विचाराल ते तिला सांगते. मधलं एक अक्षर ठेवणार नाही. तुम्ही ऐका.”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गर्दीकडं बघून म्हणाले, “बोलू द्या तिला. मग बघू.”

मी पोरीच्या आईला पुढं बोलावलं. पोरीला कडेवर घट्ट धरून ती आली. “ताई, पहिलं तुम्ही विचारा.”

“मला शिकवू नका,” ती म्हणाली. “माझ्या पोरीला का धरलं, इचारा तिला.”

मी विचारलं. उत्तर आलं ते मला तुटक तुटक कळलं, तसंच तुटक सांगितलं. तिचा मुलगा बोअरवेलच्या गाडीवर कामाला आहे. इथंच कुठंतरी माळावर बोअर चालू आहे. ती रेल्वेनं दौंडला उतरली, वडापच्या जीपवाल्यानं फाट्यावर सोडलं. मोबाईल बंद पडला. मोठ्या माणसांना विचारलं, त्यांनी हात उडवले. लेकरं थांबली. त्यांना तिनं मातीत बोटानं बोअरची गाडी काढून दाखवली, गाडीचा आवाज काढून दाखवला. पोरीनं माळाकडं बोट दाखवलं. म्हणून चकली दिली, आणि चल दाखव म्हणून हात धरला.

“खोटं सांगतीय,” टी-शर्टवाला म्हणाला. “तिला सांग, खरं बोल, न्हाईतर पाय मोडून ठिवू.”

मी तेही सांगितलं. ‘मोडणं’ला शब्द येत नव्हता, काडी मोडून दाखवली. बाईनं काडीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. पण उत्तर दिलं ते पोरीच्या आईला. मी सांगितलं, “ती म्हणते, मला एकच मुलगा आहे.”

“मग आधी का न्हाई बोलली?” आईनं विचारलं.

“बोलत होती की. तुम्हाला कळत नव्हतं.”

मी तिचा बंद मोबाईल उचलला आणि चार्जर मागितला. डेअरीवाल्यानं चार्जर दिला, पण फेकल्यासारखा. फोन चालू व्हायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तिला प्यायला पाणी द्यावं असं त्या गावात कुणाला वाटलं नाही. माझ्या बाटलीतलं दिलं. मनगट पुसून पट्टी बांधली. म्हाताऱ्यासाठी आणलेलं सामान तिथंच संपलं.

मुलगा मोटारसायकलवर आला. अंगभर बोअरचा राखाडी चिखल. आईला मातीत बसलेली बघून तो ओरडायला लागला. रोज गावाशी तो हिंदीत बोलत असणार, पण आता तोंडातून तेलुगूच सुटलं.

“काय म्हनतो?” आप्पांनी मला विचारलं.

सांगू की नको, असा क्षणभर विचार केला. पण एक अक्षर मध्ये ठेवणार नाही असं मीच म्हणाले होते.

“तो म्हणतो, तुमच्या जमिनीतून पाणी काढायला मी आलो आणि तुम्ही माझ्या आईचं रक्त काढलं. म्हणतो, या गावाला पाणी लागू नये.”

टी-शर्टवाला धावून गेला. आप्पांनी काठी आडवी घातली. “जा घेऊन तिला,” मुलाला ते मराठीतच म्हणाले. त्याला ते कळलं. माफी कुणी मागितली नाही. सांडलेलं सामान मी आणि पोरीच्या आईनं पिशवीत भरलं. तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं.

बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी भोक अर्धवट टाकून निघून गेली. ज्याचं शेत होतं तो दवाखान्यात येऊन माझ्याशी भांडला. “जसंच्या तसं सांगायची काय गरज व्हती तुम्हाला? गोड करून सांगता येत नव्हतं?” मी म्हणाले, नव्हतं येत. डॉक्टरांनी मला त्या गावाला पाठवणं बंद केलं, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या डेअरीसमोर उभं राहून मुकाट बघणारी माझी पेशंट मंडळी मी अजून विसरलेले नाही. सुई टोचताना हात हलका ठेवते, पण त्यांच्याशी गप्पा मारत नाही.

पावसाळ्यात पोरीची आई ताप आला म्हणून दवाखान्यात आली. मी तिला सलाईन लावलं. सुई काढताना एकदम म्हणाली, “तशी कुणी बाई परत आली तर काय म्हणायचं?”

“कूर्चोंडि. म्हणजे बसा.”

तिनं दोनदा म्हणून बघितलं. जमेना. “लई अवघड हाय.”

“मग मराठीत म्हणा. हातानं जागा दाखवा. कळतं.”

“ते मला ठाव हाय,” ती तुटकपणे म्हणाली, पदर सारखा केला आणि गोळ्या घ्यायला खिडकीकडं गेली.