इस्माईल पटवेकऱ्याची शेवई

कयाधू नदीच्या काठच्या त्या गावात अशी बाई नव्हती, जिची पोत इस्माईल पटवेकऱ्यानं ओवली नव्हती. आणि असं लेकरू नव्हतं, ज्याच्या कमरेचा करदोडा त्याच्या हातचा नव्हता. पोळ्याला बैलांच्या कपाळावर झुलणारे गोंडे त्याचे. ताईताचे काळे दोरे त्याचे. ओसरीवर उजवा पाय लांब पसरून तो कामाला बसे. सुताचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, दुसरं हातात धरायचं आणि ताणायचं. ताणल्याशिवाय पीळ बसत नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. तीस वर्षं ताणून त्याचा तो अंगठा बाहेरच्या अंगाला वळला होता, वहाणेत मावत नव्हता.

"माझ्या हातचं सूत तुटलं तर मला निरोप धाडा," तो गिऱ्हाइकाला सांगे.

निरोप कधी आला नाही. त्याला याचा गर्व होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही.

त्याची बायको रहिमाबी चार वर्षांमागं हिवतापानं गेली. तीही सुताचीच कारागीर म्हणायची, फक्त तिचं सूत गव्हाचं. रमजान सरत आला की ती अंगणात बाजेवर शेवयांचा पाट तिरका लावी. पाटाच्या वरच्या टोकाला पिठाचा गोळा ठेवून त्यावर तळहात फिरवू लागली की केसासारखी शेवई पाटावरून खाली उतरे. खाली त्यांची एकुलती एक पोर अख्तरी दोन्ही हात पसरून उभी असे. ती शेवई हातावर झेलायची, वेढे घ्यायची आणि काठीवर वाळत घालायची. इस्माईल समोर बसून गोंडे करी आणि मायलेकींकडे बघत राही. त्या आठ दिवसांत त्याचे गोंडे जरा वाकडेच होत.

अख्तरीचं लग्न गोरेगावच्या नासेरशी झालं. घर कापडाच्या दुकानाचं, माणसं चांगली. पण सासू बिलकीसबी बोलायला फटकळ. पोरगी गाडीत बसली तेव्हा दहा बायकांत बिलकीसबी म्हणाली, "पहिल्या ईदेला माहेरची शेवई येते, अशी आपली रीत. आता आईविना पोर. हिची शेवई बाजारातूनच येणार म्हणा."

बोलण्यात विखार नव्हता. पण अख्तरीनं मान खाली घातली, आणि ती खाली गेलेली मान इस्माईलला सहन झाली नाही.

"घरची येईल," तो ताडकन म्हणाला. "माझ्या घरच्या हातची येईल."

गाडी गेली. मग त्याच्या ध्यानात आलं, की त्याच्या घरात आता हात दोनच उरले आहेत.

*

ती ईद सन एकतीसची, फाल्गुन लागता लागता येणारी. माघाचं ऊन अंगाला गोड लागत होतं. आंब्याला मोहर होता, नदीपलीकडच्या माळावर पळस पेटायला लागला होता. विसावा रोजा झाला तसा इस्माईलनं माळ्यावरून रहिमाबीचा पाट काढला, धुतला, उन्हात ठेवला आणि शेजारच्या गोजरबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

गोजरबाई कुणब्याची. रहिमाबी आणि ती वीस वर्षं एकमेकींच्या सावडीला जायच्या. हिच्या कुरडया तिनं घालायच्या, तिच्या शेवया हिनं झेलायच्या.

"गोजराक्का, मला शेवई शिकवा."

गोजरबाई हरभरे सोलत होती. तिनं वर बघितलं. "तुमाला?"

"व्हय."

"काहून? मी देते की करून. रहिमाच्या लेकीची शेवई मला जड हाय का?"

"ती बिलकीसबी विचारीन, कोणाच्या हातची म्हणून. रोज्यात खोटं बोलू का मी?"

गोजरबाईनं हरभरे बाजूला ठेवले. मग पदर खोचला. "चला. पण मी बोलन बरं का भाऊ. शिकवताना माझं तोंड लई चालतं."

"ते काय, एरवी बंद असतंय का?" इस्माईल म्हणाला.

गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ करून, तेलाच्या हातानं कुटून कुटून गोजरबाईनं पीठ मऊ करून दिलं. इस्माईल पाटाशी बसला. त्याला मनातून वाटत होतं, हे काय अवघड आहे? आपण रेशमाचा गोफ विणणारा माणूस.

त्यानं तळहात फिरवला. बोटभर जाडीचं काहीतरी खाली सरकलं. ते बारीक व्हावं म्हणून त्यानं डाव्या हातानं टोक धरून ओढलं, आणि नकळत उजवा पाय पुढं गेला, अंगठा वर झाला.

"अगं माय!" गोजरबाई ओरडली. "अंगठा आत घ्या भाऊ! ती शेवई खायची हाय!"

कुंपणापलीकडे बायका खो खो हसल्या. इस्माईलनं पाय आखडून घेतला. पुन्हा ओढलं, तुटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तुटलं. संध्याकाळपर्यंत परातीत वीतवीतभर तुकड्यांचा ढीग झाला.

"करदोडे झालेत," गोजरबाई एक तुकडा उचलून म्हणाली. "पोराच्या कमरेला बांधले तर दोन वरीस टिकतीन."

ते सगळं तिच्या म्हशीनं खाल्लं. दुसऱ्या दिवशीचंही म्हशीनंच खाल्लं. तिसऱ्या दिवशी म्हैस इस्माईलला बघून हंबरायला लागली.

गावात बोभाटा झाला. पारावरून जाताना उत्तमराव पाटलांनी हाक मारली, "काय इस्माईल, आता बांगड्या कवा भरतो?"

"भरतो की पाटील," तो थांबून म्हणाला. "आधी तुमच्या घरच्या पोतीचा दोरा बदलून देतो. मालकीणबाई सांगू राहिल्या, दोरा चांगला हाय, धनी जुना झाला."

पार हसला, पाटीलही हसले. पण घरी येऊन इस्माईल पाटापुढं बसला तेव्हा त्याला हसू येत नव्हतं. ज्या हाताच्या सुताचा कधी निरोप आला नाही, तो हात गव्हाच्या पिठापुढं हरत होता. त्याच्या डोळ्यांपुढं पोरीची खाली गेलेली मान होती.

"वढू नगा," गोजरबाई रोज सांगायची. "हिला वढायचं नसतंय."

"वढल्याबिगर बारीक कशी होईन?"

"रहिमाला इचारलं असतं कवा, तर तिनं सांगितलं असतं. समोर बसून गोंडे करत व्हते ना दर वरसाला?"

बघितलं होतं त्यानं. पण बघितलं होतं ते रहिमाबीचं तोंड, हात नव्हे.

*

सव्विसावा रोजा. त्या दिवशी ऊन जरा चढंच होतं. पहाटे सहरीला त्यानं घाईत अर्धीच भाकर खाल्ली होती. दुपार कलली तसा त्याच्या हातांतला जोर ओसरू लागला. घसा कोरडा, डोळ्यांपुढं अंधारी. डावा हात ओढायला पुढं गेला आणि तसाच मांडीवर पडला. उचलवेना. उजवा तेवढा पाटावर फिरत राहिला, सवयीनं, हलका, जणू झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरावा तसा.

गोजरबाई एकदम गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून इस्माईलनं खाली बघितलं.

पाटावरून शेवई उतरत होती. तिला कोणी ओढत नव्हतं. ती आपल्याच भारानं खाली येत होती आणि येता येता आपणच बारीक होत होती. वाऱ्याच्या झुळकीनं ती हलली, झुलली, पण तुटली नाही. गोजरबाईनं चटकन पुढं होऊन ती हातावर घेतली, एक वेढा, दोन वेढे, पाच, सात.

"थांबू नगा," ती कुजबुजली. "भाऊ, थांबू नगा आता."

तो थांबला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला डावा हात उचलवत नव्हता. अंगातलं बळ गेलं तेव्हा शेवई आली. तीस वर्षं त्यानं सुताला ताणून वळवलं होतं. हिला फक्त सोडायचं होतं.

पुढचे दोन दिवस त्यानं दुपार कलल्यावरच पाट लावला. तिसऱ्या प्रहरापर्यंत गोंडे करायचे, आणि रोज्यानं हात हलके झाले की शेवईला बसायचं. अठ्ठाविसाव्या रोज्याच्या उन्हात वीतभर रुंद वेढ्यांच्या शेवया काठ्यांवर झुलत होत्या. पिवळसर, केसासारख्या, उन्हात चमकणाऱ्या. म्हैस दावणीला उभी राहून आशेनं बघत होती. तिला काही मिळालं नाही.

आता त्या गोरेगावला न्यायच्या होत्या. गावातला संतराम बैलगाडी घेऊन तिकडं निघालाच होता, ये म्हणाला. इस्माईलनं हात जोडले. "गाडीच्या हिसक्यानं चुरा होईन. मी चालत जातो."

त्यानं आपलंच सूत काढलं, आठपदरी गोफ वळला, त्याचं शिंकं विणलं आणि टोपली त्यात बसवली. शिंकं खांद्यावरच्या काठीला असं टांगलं, की माणूस हलेल पण टोपली हलणार नाही. इथं मात्र ताण लागत होता. इथं त्याचा अंगठाही कामाला आला.

सहरी करून तो निघाला. उजाडलं तेव्हा कयाधूचं पाणी गुडघ्याएवढं होतं. टोपली डोक्यावर घेऊन तो पार झाला. वाटेवर पळस, बांधावर शेकोट्या. हरभऱ्याचे डहाळे भाजणारी माणसं ओळख ना पाळख हाका मारत होती, "या पाव्हणं, हुळा खाऊन जा!"

"रोजा हाय बाप्पा!"

"मग पदरात घेऊन जा, सांजच्याला खा!"

त्यानं उपरण्याचा पदर पसरला. दिवसभर तो गरम हरभऱ्याचा वास नाकाशी घेऊन चालला.

*

गोरेगावला पोचला तेव्हा ऊन भिंतींवर चढलं होतं. बिलकीसबीच्या अंगणात ईदेची गडबड होती. चारपाच बायका, मधोमध पिठाची परात, ओट्याच्या कडेला लावलेला शेवयांचा पाट. दाराशी अख्तरी उभी होती. बापाच्या खांद्यावरचं शिंकं बघून तिनं ओढणीचं टोक घट्ट धरलं.

बिलकीसबीनं टोपलीवरचं फडकं काढलं. एक शेवई दोन बोटांनी उचलली, उन्हाकडे धरली, डोळे बारीक करून बघितली.

"बाजारची न्हाई ही," ती म्हणाली. "बाजारात अशी मिळत न्हाई. कोणाच्या हातची हाय, भाई?"

इस्माईलनं एकदा पोरीकडे बघितलं. "माझ्या."

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. "मर्दानं केलेली शेवई!" एकीनं तोंडाला पदर लावला. "शेजारणीचं नाव सांगायला लाजतोय पटवेभाई!"

अख्तरीची मान खाली जाऊ लागली. इस्माईलनं ते पाहिलं.

बिलकीसबी मात्र हसली नाही. तिनं ओट्यावरचा पाट दाखवला. "पीठ मळलेलं हाय. बसा."

तो हातपाय धुऊन ओट्यावर चढला. पाट परका, पीठ परकं, दिवसभराच्या चालण्यानं हात थरथरत होते. बायकांना वाटलं, घाबरला. त्याला मात्र आतून बरं वाटत होतं. हाताला बळ नव्हतं, म्हणजे हात तयार होता. त्यानं डावा हात मांडीवर ठेवला आणि उजवा पाटावर टेकवला.

शेवई उतरली. ओट्याखाली आली, जमिनीच्या दिशेनं निघाली. आता मातीला लागणार, तोच दारातून पावलं धावत आली.

"अब्बा, छोडो. मैं झेलती."

अख्तरीनं हात पसरले, जसे लहानपणी पसरायची तसे. पहिला वेढा घेतला, दुसरा, तिसरा. ती एकेक पाऊल मागं सरकत गेली, परातीला वळसा घालून, बायकांच्या मधून. बायका ओढण्या सावरत बाजूला झाल्या. तिची मान वर होती, कारण मान खाली घातली असती तर शेवई दिसली नसती. वेढ्यांवर वेढे चढत गेले. एक म्हातारी मोजत होती, आणि वीसच्या पुढं तीही विसरली.

ऊन भिंतीवरून छपरावर गेलं, छपरावरून उतरलं, आणि मशिदीतून मगरीबची अजान आली. रोजा सुटला.

"अख्तरी," बिलकीसबी म्हणाली, "बापाला पाणी दे." मग पोरीच्या भरलेल्या हातांकडे बघून एकदम म्हणाली, "न्हाई, न्हाई. तू हलू नको. तू सोडू नको ते."

तिनं स्वतः घागरीतून पेला भरला, ताटलीत खजूर घेतला, आणि सगळ्या बायकांदेखत ओट्यापाशी येऊन इस्माईलच्या समोर धरला.

"घ्या भाई," ती म्हणाली. "पुढल्या साली दोन टोपल्या आणा. एक आमच्या घरच्यांनी खायची, एक मी गावात दाखवायची."

बाहेर कोणीतरी ओरडलं, चंद्र दिसला! पोरंसोरं गच्चीकडे धावली. अख्तरी जागची हलली नाही. ती बापाकडे बघत होती, हातांत शेवयांचा भारा घेऊन, रहिमाबीसारखी हसत.

*

चौथ्या दिवशी इस्माईल परतला. रिकामी टोपली परत पाठवायची नसते. बिलकीसबीनं तीत गूळ, खोबरं आणि गोजरबाईसाठी चोळीचा खण घातला होता. पारावर सगळे वाट बघत बसले होते, पण तो त्यांच्याकडे न बघता सरळ गोजरबाईच्या अंगणात गेला.

गोजरबाई धार काढत होती. तिनं खण बघितला, पण आधी विचारलं ते दुसरंच. "तुटली का हो भाऊ?"

इस्माईलनं शिंकं खाली ठेवलं, पाय लांब पसरून ओट्यावर बसला, आणि पारावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अजान झाली म्हणून थांबलो, अक्का. न्हाईतर अजून चालूच असती."