सरबताचा दोष

आमच्या गावात हायस्कूल नवीन होतं आणि त्याच्या फाटकासमोर बाबांचं सोड्याचं दुकान होतं. गोळीच्या बाटल्या, लिंबू, आलं आणि लालभडक गुलाबी सरबत. मधली सुट्टी झाली की बाकड्यावर बसायला जागा उरायची नाही. आसपासच्या वाड्यांतून चालत आलेली मोठी मुलंसुद्धा जेवण घरी विसरायची, पण सरबताचे पैसे विसरायची नाहीत. मालवणच्या बाजारातून बाबा रंग आणि साखर आणायचे. पाक मात्र घरीच व्हायचा. त्या दिवशी आमच्या अंगणात माश्या आणि आम्ही दोघी बहिणी, सगळेच घुटमळत असायचो.

बहीण माझ्याहून लहान. हसरी, गोल चेहऱ्याची, बाबांची फार लाडकी. एका उन्हाळ्यात तिला तहान लागायला लागली. आधी कुणाला काही वाटलं नाही, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्यांनाच तहान लागते. ती दुकानात जायची आणि म्हणायची, "बाबा, माका तान लागली." बाबा बाटली फोडून द्यायचे. ती संपली की ती दुसरी मागायची. बाबांना तिचं कौतुक वाटायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे की माझ्या सरबताचं खरं गिऱ्हाईक हीच.

मग तिचे गाल बसले. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. ती न्हाणीत लघवीला बसली की तिथं मुंग्या लागतात हे आईच्या लक्षात आलं आणि ती तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डॉक्टर देशावरचे होते, तरुण, कमी बोलणारे. त्यांनी काचेच्या नळीत तिची लघवी घालून निळं औषध उकळलं. ते विटेसारखं लाल झालं. मधुमेह. एवढ्या लहान मुलीला हा आजार होतो हे आम्ही तोवर ऐकलंही नव्हतं.

इंजेक्शनं मुंबईहून बोटीनं येत. आईनं डॉक्टरांकडून सुई टोचायला शिकून घेतलं. बहीण रडायची नाही, फक्त मान वळवून माडांकडे बघत बसायची. तिचे गाल पुन्हा थोडे भरलेसुद्धा. पावसाळ्यात बोटी बंद होत, तेव्हा औषध बेळगावहून आंबोली घाटातून एसटीनं मागवायचं ठरलं होतं. त्या वर्षी घाटात दरड कोसळली. गाड्या थांबल्या. डॉक्टर स्वतः सावंतवाडीपर्यंत जाऊन रिकाम्या हातांनी आले. घरातलं औषध संपलं आणि बहिणीनं आईच्या मांडीवर प्राण सोडला, भर दुपारी. बाबा तेव्हा औषधाच्या वाटेकडे डोळे लावून एसटीच्या थांब्यावर उभे होते.

डॉक्टरांच्या मनात शाळेच्या मुलांबद्दल आधीपासूनच एक गोष्ट होती. किडलेले दात, भूक मेलेली, डब्याऐवजी सरबत, हे ते रोज पाहत होते. पावसाळा सरल्यावर त्यांनी पंचायतीत मांडलं की शाळेसमोर गोड सरबतं विकू नयेत, शाळेनं मुलांसाठी पाण्याचे माठ ठेवावेत आणि वर्गावर्गातून हे समजावून सांगावं. आज शाळा, उद्या जत्रा, असं म्हणत जत्रेत सरबताची गाडी लावणाऱ्यांनी विरोध केला. बाबा मागे बसले होते. ते उठले आणि म्हणाले, "माजा दुकान पयला हलवा. मियाच माज्या हातान पाजलंय तिका."

डॉक्टर त्यांच्याजवळ गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सरबतानं तिला हा आजार झाला नाही. शरीरात जे बनायला हवं ते तिच्यात बनत नव्हतं. तहान आजारानं लागत होती. तुमचा दोष नाही." बाबांनी मान हलवली आणि खाली बसले. ठराव मंजूर झाला.

पुढच्या आठवड्यात आमच्या वर्गात गुरुजींनी आरोग्याचा पाठ घेतला. दात, पोट, साखर असं सांगता सांगता ते म्हणाले की सरबत पिऊन काय होतं ते आपल्याच गावानं पाहिलं आहे. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी वहीत खाली बघत राहिले. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून उठली, पदर खोचला आणि तशीच शाळेत गेली. मी तिच्या मागून.

ती गुरुजींवर रागावली नाही. व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, "पोरांका सोडा पिव नको म्हणान सांगा, बरा काम आसा. पण माज्या चेडवाचा नाव घेव नकात. तिना काय वायट करूक नाय." गुरुजींनी हात जोडले. पुन्हा त्यांनी आईच्या त्या लेकीचं नाव घेतलं नाही. पण गोष्ट वर्गाबाहेर पडली होती आणि मुलांना तीच पटली. दात किडतात म्हणून कुणी बाटली सोडत नव्हतं. माझ्या बहिणीसारखं होईल या भीतीनं मात्र सोडली.

बाबांनी पुढे बाजारात काथ्याच्या दोऱ्या विकायला घेतल्या. जत्रेत कुणा पोराच्या हातात बाटली दिसली की ते जवळ जाऊन त्याला बहिणीची हकिकत सांगायचे, शेवटपर्यंत, स्वतःला दोष देत. आई त्या वेळी तिथून निघून जायची. त्या दोघांचं या एका गोष्टीवर कधी बोलणं झालं नाही. घरात बहिणीचा फोटो नव्हता, त्यामुळे भिंतीवर बघायचंही काही नव्हतं.

मी मोठी झाले, या आजाराबद्दल वाचलं. बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांना पुन्हा समजावलं की डॉक्टर खरं बोलत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"डाक्टर बरो माणूस," ते म्हणाले. "माका बरा वाटाक व्हया म्हणान तो सांगी होतो."

मग त्यांनी कूस बदलली आणि आईला हाक मारली. ती मागे विहिरीवर होती, तिला ऐकू आलं नाही.