चिमूटभर साखरेची अट

पोच न देणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग. निरोप मिळाला तर ‘मिळाला’ म्हणायला काय जीभ झिजते? त्यामुळे आमच्या रुग्णसाहित्य केंद्राच्या ईमेलचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ठरवूनच टाकलं, इथून कुणी उत्तराशिवाय राहणार नाही.

केंद्र आहे खोपटला. खाटा, वॉकर, ऑक्सिजनची मशिनं लोकांना वापरायला द्यायची, काम झालं की त्यांनी परत आणायची. सामान असतं कोलशेतच्या गोडाऊनमध्ये, ते सांभाळायला एक दादा. कोड न लिहिता स्क्रीनवरचे चौकोन जोडून कामं लावायची, हे मी नवीनच शिकलेले. एका रविवारी सकाळी बसले नि लावलं: केंद्राला मेल आली की लगेच ‘आपली मेल मिळाली, धन्यवाद’ जायचं आणि तीच मेल पुढे गोडाऊनला जायची. मग वाटलं, गोडाऊनने पोच द्यायला नको? तिथेही तसंच लावलं. स्वतःवर भलती खूश होऊन कल्याणला एका बारशाला गेले.

दुपारी तीनला येऊन मेल उघडली, बघते तर काय! धन्यवाद, धन्यवाद, धन्यवाद! केंद्राने मेल पाठवली, गोडाऊनने आभार मानले, केंद्राला ती नवीन मेल वाटली, त्याने आभारांचे आभार मानले. माझ्या डोळ्यांदेखत आणखी चार आल्या. कुणी थकत नव्हतं की कंटाळत नव्हतं. खरं सांगते, घाबरायच्या आधी मी थक्क झाले. माझाच हट्ट माझ्याविना सकाळपासून चाललेला.

दोन्हीकडचं बंद केलं आणि ढीग उपसत खाली गेले. अगदी तळाशी एकच खरी मेल होती. ‘आज पाच वाजता पत्नी इस्पितळातून घरी येते आहे. घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल. मला ऐकू येत नाही, म्हणून फोन न करता लिहितो.’ खाली पत्ता, कोलशेतचाच. आणि त्याला आमचं उत्तर गेलेलं: मिळाली, धन्यवाद. म्हणजे ते गृहस्थ निर्धास्त बसलेले.

गोडाऊनला फोन लावला. दादा म्हणाले, “अहो ताई, सकाळपासून तुमचे धन्यवादच वाजतायत! शेवटी मोबाइल उलटा टाकून ठेवला मी.”

“राहू दे ते. मशीन बाहेर काढा, मी आलेच!”

रिक्षात पायांशी मशीन घट्ट धरून मी पावणेपाचला त्यांच्या दारात पोचले. त्यांनी हात जोडले. “तुमचं उत्तर आलेलं ना, म्हणून काळजी नव्हती,” म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. त्या म्हणाल्या, “अगं, शेजारणीचा डबा रिकामा द्यायचा नाही हे खरं. पण दर वेळी शिरा भरून दिला तर दोघी जन्मभर डबेच घासत बसतील. म्हणून तर चिमूटभर साखर घालतो. साखर दिसली की ती समजते, आपलाच डबा परत आला. विषय संपला.”

बाई गं! इतकी वर्षं मी ती साखर घालत आलेले, आणि ती कशासाठी हे मला आज कळत होतं. लगेच बसले. प्रत्येक पोचेच्या विषयात ‘पोच’ हा शब्द घातला आणि दोन्हीकडे पहिल्याच चौकोनात अट टाकली: विषयात ‘पोच’ दिसली तर उत्तर द्यायचं नाही, पुढेही पाठवायचं नाही. एक मेल पाठवून पाहिली. एक पोच आली, आणि सगळं गप्प. त्या शांततेकडे मी कितीतरी वेळ बघत बसलेले.

तीनेक महिन्यांनी त्या गृहस्थांची मेल आली. ‘पत्नी गेली. मशीन परत आणून देतो.’ त्यालाही माझ्या चौकोनांनी तत्परतेने धन्यवाद पाठवले. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते आले. मशीन लख्ख पुसलेलं, आणि त्याच्या मुठीला दोऱ्याने बांधलेली कागदाची छोटी पुडी. मी बोटानेच विचारलं, हे काय?

“साखर आहे,” ते म्हणाले. “ती सांगून गेली, रिकामं द्यायचं नाही.”

‘धन्यवाद’ हा शब्द माझ्या ओठांवर आलेला. तो गिळला, त्यांना पाणी दिलं आणि शेजारी खुर्ची ओढून नुसती बसून राहिले.